वेतनमर्यादा आणि करारांची पुनर्रचना : अमेरिकन फुटबॉलमधील एक हिशेबपद्धती

'फुटबॉल' या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जो खेळ उभा राहतो, त्याला अमेरिकेत 'सॉकर' म्हणतात. तेथे फुटबॉल या नावाने जो खेळ सर्वांत लोकप्रिय आहे, त्यातील चेंडू लंबगोल असतो आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. या खेळाच्या नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक संघटनेत ३२ संघ असून मोसमात प्रत्येक संघाच्या यादीवर ५३ खेळाडू असतात. या खेळाडूंच्या वेतनापोटी एका संघाने एका वर्षी जास्तीत जास्त किती रक्कम हिशेबात दाखवावी, याची मर्यादा १९९४ पासून ठरवून दिली जाते. तिला 'सॅलरी कॅप' अशी संज्ञा असून प्रस्तुत लेखात तिचा उल्लेख 'वेतनमर्यादा' असा केला आहे. १९९४ मध्ये ही मर्यादा प्रत्येक संघास सुमारे ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलरपर्यंत गेली होती.

ही मर्यादा कठोर समजली जाते. दंड भरून ती ओलांडण्याची सवलत, जी अमेरिकेतील काही अन्य खेळांत आढळते, ती येथे नाही. असे असताना दर वर्षी मार्च महिन्यात, लीगचे नवे हिशेबवर्ष सुरू होण्याच्या सुमारास, एक चमत्कारिक गोष्ट घडते. अमुक संघ मर्यादेच्या कित्येक कोटी डॉलर वर आहे असे वृत्त येते. थोड्याच दिवसांत तो संघ मर्यादेच्या आत येतो, आणि पुढल्या आठवड्यात तोच संघ नवे व महागडे खेळाडू करारबद्ध करू लागतो. दरम्यान त्याच्या प्रमुख खेळाडूंपैकी कोणाचेही वेतन एका डॉलरनेही घटलेले नसते. मग ही जागा निर्माण झाली कोठून? वृत्तपत्रांत याचे उत्तर एका शब्दात दिलेले असते: करारांची 'पुनर्रचना' झाली. परंतु तो शब्द क्रियेचे नुसते नाव सांगतो. तिचे स्वरूप त्यातून उलगडत नाही.

ते समजण्यासाठी मर्यादा मुळात कशावर आहे हे प्रथम पाहिले पाहिजे. सर्वसाधारण समज असा की ती खेळाडूंना दिल्या जाणाऱ्या पैशावर आहे. तो समज बरोबर नाही. आपल्याकडील जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. पैसा ज्या दिवशी हातातून गेला त्या दिवशी तो रोजकीर्दीत चढे. तो कोणाच्या खाती व कोणत्या सदरात पडावयाचा हे खतावणीत ठरे. लीगमधील प्रत्येक संघाच्या अशाच जणू दोन वह्या असतात. पहिलीत प्रत्यक्ष दिलेली रोकड असते. दुसरीत त्या रकमेपैकी किती भाग कोणत्या वर्षाच्या नावे टाकावयाचा, याची नियमबद्ध नोंद असते. वेतनमर्यादा दुसऱ्या वहीला लागू आहे, पहिलीला नाही. एखाद्या वर्षी संघाने मर्यादेहून कितीतरी अधिक रोकड वाटली, तरी दुसऱ्या वहीतील त्या वर्षाची बेरीज मर्यादेच्या आत असेल तर नियमाचा भंग होत नाही. (उलट बाजूनेही एक बंधन आहे: ठराविक वर्षांच्या मुदतीत संघांनी किमान अमुक प्रमाणात रोकड खर्च केलीच पाहिजे.) दोन्ही वह्यांची बेरीज अखेरीस जुळते, प्रश्न एवढाच की कोणत्या वर्षी.

या दोन वह्यांमध्ये फरक पडण्याचे कारण रकमेच्या नावात आहे. खेळाडूच्या करारात मुख्यतः दोन प्रकारच्या रकमा असतात. एक मूळ वेतन, जे ज्या वर्षीच्या खेळाबद्दल असते त्याच वर्षाच्या नावे पूर्ण पडते. दुसरी 'साइनिंग बोनस', म्हणजे करारावर स्वाक्षरी झाली की देय होणारी रक्कम. तिला येथे 'करारबोनस' म्हणू. नियम असा की करारबोनसची रक्कम हिशेबापुरती कराराच्या वर्षांत समान वाटली जावी, मात्र पाचांहून अधिक वर्षांत नाही. खेळाडूच्या हाती सर्व पैसा लवकर पडतो. वहीत मात्र तो पाच हप्त्यांनी उमटतो. एकच रक्कम 'वेतन' म्हटली तर आज पूर्ण मोजली जाते आणि 'बोनस' म्हटली तर आज एक-पंचमांशच मोजली जाते. पुनर्रचना म्हणजे आधी वेतन म्हणून लिहिलेल्या रकमेचे बोनस असे पुन्हा नामकरण करणे, याहून मुळात अधिक काही नाही.

येथे 'बोनस' या शब्दाविषयी थोडे विषयांतर अप्रस्तुत ठरू नये, कारण मराठी वाचकाच्या मनात त्याचा अर्थ नेमका उलट्या दिशेने बसलेला आहे. हा शब्द मराठीत रूढ झाला त्यात मुंबईच्या कापडगिरण्यांचा वाटा मोठा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरणीमालकांनी वेतनाखेरीज जी रक्कम देण्यास आरंभ केला ती या नावाने आली. पुढे ती बंद होऊ लागली तेव्हा १९२४ च्या आरंभी मुंबईत मोठा संप झाला. वाद केवळ पैशाचा नव्हता, नावाचाही होता: बोनस ही मालकाची खुशीची देणगी, की कामगाराच्या वेतनाचाच थकलेला भाग? त्या वेळी नेमलेल्या चौकशी समितीने कामगारांचा कायदेशीर हक्क मान्य केला नाही. १९६५ च्या बोनस कायद्याने मात्र त्यास कायद्याचे बंधन घातले. गिरणगावातला बोनस म्हणजे काम झाल्यानंतर, दिवाळीच्या तोंडावर, मागील वर्षाच्या हिशेबाने मिळणारी रक्कम. अमेरिकन फुटबॉलमधील करारबोनस खेळ सुरू होण्यापूर्वी, पुढील वर्षांच्या हिशेबाने मिळतो. पहिला भूतकाळाकडे पाहतो, दुसरा भविष्याकडे. तथापि दोन्हींत एक गोष्ट समान आहे. त्या रकमेस काय म्हणावयाचे यावर ती कोणाच्या हक्काची व कोणत्या काळाची हे अवलंबून राहते.

प्रत्यक्ष उदाहरण घेतल्यावाचून ही यंत्रणा नीट ध्यानात येणार नाही. क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाने २०२२ मध्ये डिशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकशी पाच वर्षांचा, २३ कोटी डॉलरचा करार केला. (क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीचा आरंभ ज्याच्या हातून होतो तो खेळाडू, बहुतेक संघांत सर्वाधिक वेतन त्याचेच असते.) या कराराचे वैशिष्ट्य असे की त्यातील संपूर्ण रक्कम हमीची होती. पहिल्या वर्षी ४ कोटी ४९ लाख ६५ हजार डॉलर करारबोनस म्हणून देण्यात आले. पाच वर्षांच्या वाटणीने दर वर्षाच्या नावे ८९ लाख ९३ हजार पडू लागले. २०२३ पासून पुढील चारही वर्षे मूळ वेतन ४ कोटी ६० लाख होते. तेव्हा २०२३ या एका वर्षाच्या नावे या एकाच खेळाडूपोटी ४ कोटी ६० लाख अधिक ८९ लाख ९३ हजार, म्हणजे जवळजवळ ५ कोटी ५० लाख डॉलर पडणार होते. त्या वर्षीची संपूर्ण संघाची मर्यादा २२ कोटी ४८ लाख होती. त्रेपन्नांपैकी एकाच माणसाने मर्यादेचा सुमारे चौथा हिस्सा व्यापावा, अशी ही स्थिती.

संघाने मार्च २०२३ मध्ये या करारास हात घातला. मूळ वेतन त्या अनुभवाच्या खेळाडूस लागू असलेल्या किमान पातळीवर, म्हणजे १० लाख ८० हजारांवर, आणण्यात आले. उरलेले ४ कोटी ४९ लाख २० हजार बोनस म्हणून लिहिण्यात आले. हा बोनस पाच वर्षांत वाटला की दर वर्षी ८९ लाख ८४ हजार होतात. आता २०२३ च्या नावे किमान वेतन, जुन्या बोनसचा हप्ता आणि नव्या बोनसचा हप्ता मिळून १ कोटी ९० लाख ५७ हजार एवढेच राहिले. एका स्वाक्षरीने त्या वर्षात ३ कोटी ५९ लाख डॉलरची जागा मोकळी झाली आणि खेळाडूस मिळावयाच्या ४ कोटी ६० लाखांतून एक डॉलरही कमी झाला नाही. किंबहुना त्यास ते पैसे लवकर मिळाले.

परंतु ही जागा नव्याने निर्माण झालेली नसते. ती पुढील वर्षांतून ओढून आणलेली असते. २०२४ पासून दर वर्षी ८९ लाख ८४ हजारांचा वाढीव भार या खात्यावर चढला. ते वर्ष आले तेव्हा मूळ वेतनाचे ४ कोटी ६० लाख होतेच, शिवाय दोन बोनसांचे हप्ते होते. संघाने तोच उपाय पुन्हा केला, त्यामुळे तिसऱ्या बोनसचा हप्ता जन्मास आला. याचा परिणाम असा की २०२५ या वर्षाच्या नावे, आणखी फेरफार न केल्यास, ७ कोटी २९ लाख डॉलरच्या आसपास रक्कम पडणार होती. दरम्यान ऑक्टोबर २०२४ मध्ये या खेळाडूच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. २०२५ मध्ये संघाने तिसऱ्यांदा तीच पुनर्रचना केली. प्रथम पुनर्रचना एका चांगल्या संघास आणखी खेळाडू मिळावेत म्हणून झाली होती. तिसऱ्या वेळी ती आधीच्या दोन पुनर्रचनांचा भार त्या एका वर्षात सोसवत नाही म्हणून झाली.

वाचकाने एक गोष्ट लक्षात घेतली असेल. करार पाच वर्षांचा, म्हणजे २०२६ पर्यंतचा. २०२३ मधील बोनसची वाटणी पाच वर्षांत केली तर ती २०२७ पर्यंत जाते. करारातच नसलेले हे वर्ष कोठून आले? यासाठी योजलेल्या युक्तीस 'व्हॉइड इयर' म्हणतात. मराठीत 'शून्यवर्ष' म्हणता येईल. कराराच्या अखेरीस एक किंवा अधिक अशी वर्षे जोडली जातात की ज्यांत खेळाडू खेळेल अशी कोणाचीच अपेक्षा नसते, आणि ठराविक तारखेस ती आपोआप रद्द होतील असे करारातच लिहिलेले असते. खेळाच्या दृष्टीने त्या वर्षांना अस्तित्व नाही. वाटणीच्या दृष्टीने मात्र आहे. भागाकारात छेद वाढावा एवढ्यासाठीच ती असतात. व्याकरणात ज्या प्रत्ययाचा लोप होतो, पण ज्याचे कार्य शिल्लक राहते, त्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक एवढा की व्याकरणातील लोपास पुढे कोणी पैसे मोजत नाही. शून्यवर्षे रद्द झाली की त्यांच्या नावे टाकलेले सर्व उरलेले हप्ते एकदम त्याच वर्षात येऊन पडतात.

याच रकमेस क्रीडावृत्तांत 'डेड मनी', म्हणजे 'मृत पैसा', म्हणतात. खेळाडू संघ सोडून गेला, मग तो काढून टाकला जावो, दुसऱ्या संघास दिला जावो वा निवृत्त होवो, तर त्याच्या बोनसचे न मोजलेले हप्ते जुन्या संघाच्याच नावे राहतात आणि सामान्यतः लगेच त्या वर्षात जमा होतात. संज्ञा लोकप्रिय असली तरी ती काहीशी फसवी आहे. पैसा मेलेला नसतो. तो खेळाडूच्या बँकेत कधीच पोहोचलेला असतो. मृत असते ती जागा: वहीतील जी रक्कम आज मैदानावर असलेल्या कोणासाठीही वापरता येत नाही ती. 'मृत जागा' हे नाव अधिक सार्थ झाले असते. पण रूढ झालेली नावे तर्काने बदलत नाहीत.

अटलांटा फाल्कन्स संघाने २००८ पासून १४ मोसम खेळलेला आपला क्वार्टरबॅक मॅट रायन मार्च २०२२ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सला दिला. त्याच्या कराराची आधीच्या वर्षांत एकाहून अधिक वेळा पुनर्रचना झालेली होती, आणि ते सर्व न मोजलेले हप्ते एकत्र आले. अटलांटाच्या नावे ४ कोटी ५ लाख डॉलर पडले. एका खेळाडूपोटी तोवरची ती सर्वांत मोठी मृत रक्कम होती. त्या वर्षी रायन इंडियानापोलिससाठी खेळला, परंतु त्याचा अधिक मोठा हिशेब अटलांटाच्या वहीत होता. टँपा बे बकेनिअर्सची गोष्ट थोडी निराळी. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकल्यावर त्यांनी टॉम ब्रेडीच्या करारास शून्यवर्षे जोडली, इतरांच्या करारांतही जागा काढली आणि विजयी संघातील सर्व बावीस प्रमुख खेळाडू पुढील मोसमासाठी कायम राखले. ब्रेडी २०२३ च्या आरंभी निवृत्त झाला तेव्हा त्या एका वर्षात त्याच्यापोटी ३ कोटी ५१ लाख डॉलर मोजावे लागले. तरीही त्या मोसमात टँपा बे आपल्या गटात पहिला आला.

या दुसऱ्या उदाहरणामुळे घाईने निष्कर्ष काढण्यास आळा बसतो. मृत रक्कम मोठी म्हणजे संघ बुडाला असे समीकरण मांडता येत नाही. डेन्व्हर ब्रॉन्कोसने मार्च २०२४ मध्ये रसेल विल्सनला काढले तेव्हा हमीचे वेतन व बोनसचे हप्ते मिळून ८ कोटी ५० लाख डॉलरचा भार आला. तो दोन वर्षांत वाटण्यात आला: २०२४ मध्ये ५ कोटी ३० लाख आणि २०२५ मध्ये ३ कोटी २० लाख. २०२४ ची मर्यादा २५ कोटी ५४ लाख होती, म्हणजे तिचा पाचव्याहून अधिक हिस्सा अशा माणसापोटी गेला की जो त्या मोसमात पिट्सबर्गसाठी किमान वेतनावर खेळत होता. त्याच वर्षी डेन्व्हर बाद फेरीत पोहोचले. त्यांच्याकडे त्या वर्षी निवडलेला नवा क्वार्टरबॅक होता, आणि नवोदितांचे वेतन २०११ च्या करारापासून ठराविक कोष्टकाने बांधलेले असल्याने तो स्वस्त होता. एका जागेवरील मोठा खड्डा त्याच जागेवरील स्वस्त माणसाने भरून निघाला. असा माणूस दर वर्षी मिळतोच असे नाही.

विल्सनचा भार दोन वर्षांत वाटता आला त्याचे कारण '१ जून'चा नियम. त्या तारखेनंतर खेळाडू गेला तर चालू वर्षाचा हप्ता तेवढा चालू वर्षात आणि उरलेले पुढील वर्षात मोजले जातात. शिवाय प्रत्येक संघास दर वर्षी दोन खेळाडूंच्या बाबतीत आधीच काढूनही ते १ जूननंतर काढले असे समजण्याची मुभा आहे. मार्च महिन्यात घडलेली घटना जूनमध्ये घडली असे मानावयाचे, हे कायद्याच्या भाषेस नवे नाही.

आता प्रश्न असा की सर्वच संघ ही क्रिया सतत का करीत नाहीत, आणि जे करतात ते शहाणे की अविचारी. पुनर्रचनेच्या बाजूने सर्वांत सबळ युक्तिवाद मर्यादेच्या वाढीचा आहे. वॉटसनच्या २०२३ मधील बोनसचा ८९ लाख ८४ हजारांचा हप्ता त्या वर्षीच्या मर्यादेच्या ४ टक्के होता. तोच हप्ता २०२५ च्या मर्यादेच्या सुमारे ३.२ टक्के होतो. रक्कम तीच, परंतु तिने व्यापलेली जागा लहान. महागाईच्या काळात जुने कर्ज हलके व्हावे तसा हा प्रकार असून या कर्जावर व्याजही नाही. म्हणून जो खेळाडू पुढील चार-पाच वर्षे उत्तम खेळेल अशी वाजवी खात्री आहे, त्याच्या वेतनाची अशी वाटणी करण्यात तोटा जवळजवळ नाही. कॅन्सस सिटी चीफ्सने पॅट्रिक माहोम्सशी २०२० मध्ये जो दहा वर्षांचा, ४५ कोटी डॉलरचा वाढीव करार केला त्याची लांबी अशा फेरफारांना सोयीची आहे, आणि संघाने तिचा उपयोगही केलेला आहे.

हा युक्तिवाद ज्या गृहीतावर उभा आहे ते एकदा ढासळले. महामारीमुळे २०२० मध्ये प्रेक्षकांवाचून सामने झाले, उत्पन्न घटले, आणि १९ कोटी ८२ लाखांची मर्यादा २०२१ मध्ये १८ कोटी २५ लाखांवर आली. न्यू ऑर्लीन्स सेंट्स हा संघ कित्येक वर्षे पुनर्रचनेच्याच बळावर आपली फळी टिकवून होता. त्या वर्षी तो मर्यादेच्या सुमारे १० कोटी डॉलर वर होता. तरीही तो मर्यादेत आला, आणि आला तो बहुतांशी पुन्हा पुनर्रचना करूनच. २०२१ ते २०२४ या चार मोसमांत त्यास एकदाही बाद फेरी गाठता आली नाही. सर्व दोष हिशेबास देणे अन्याय्य होईल. ड्रू ब्रीससारखा क्वार्टरबॅक निवृत्त झाल्यावर कोणताही संघ अडखळला असता. परंतु अडखळलेल्या संघास जे करावेसे वाटते, म्हणजे महाग व वयस्क खेळाडूंना निरोप देऊन नव्याने आरंभ करणे, तेच या संघास सर्वांत महाग पडत होते. ज्यास काढावे त्याचे मागचे हप्ते एकदम अंगावर येणार. न काढावे तर त्याचे वेतन द्यावयाचे. पुनर्रचनेने खेळाडू जितका आज स्वस्त होतो, तितका उद्या सोडण्यास महाग होतो.

ब्रीसचे नाव निघाले म्हणून एक भेद येथेच नोंदविणे इष्ट. फेब्रुवारी २०२१ मध्ये, निवृत्ती जाहीर करण्यापूर्वी थोडे दिवस, त्याने आपले २ कोटी ५० लाखांचे वेतन १० लाख ७५ हजारांवर आणण्यास संमती दिली. वृत्तपत्रांनी यासही 'पुनर्रचना' म्हटले. वस्तुतः ही वेतनकपात होती. त्यात खेळाडूने रकमेवरील हक्क सोडला. वेतनाचे बोनसमध्ये रूपांतर होते तेव्हा तो काहीच सोडत नाही. पहिल्या क्रियेस खेळाडूची संमती अपरिहार्य. दुसरीची मुभा पुष्कळ करारांत संघास आधीच दिलेली असते, तेव्हा खेळाडूस विचारण्याचीही गरज उरत नाही. एकाच शब्दाखाली दोन विरुद्ध व्यवहार आले की वाचकाची सहानुभूती भलतीकडे जाते: कोट्यवधींचा बोनस लवकर पदरात पाडून घेणाऱ्या खेळाडूने 'संघासाठी त्याग' केला असे पुष्कळदा छापून येते.

त्याग होतो, पण तो बहुधा अन्यत्र. या लीगमध्ये मूळ वेतनाची हमी सर्वांना नसते. करार चार वर्षांचा असला तरी दुसऱ्या वर्षीच संघ खेळाडूस काढू शकतो, आणि हमी नसेल तर पुढील वर्षांचे वेतन देण्याचे बंधन त्याच्यावर राहत नाही. अशा वेळी कोणास काढणे सोपे? ज्याच्या नावावर मोठे न मोजलेले हप्ते आहेत त्यास नव्हे, कारण त्यास काढल्याने जागा मिळण्याऐवजी जाते. काढणे सोपे त्याला, ज्याला करारबोनस थोडाच मिळाला होता, ज्याचा करार कधी उघडला गेला नाही आणि ज्याचे बहुतेक उत्पन्न बिनहमीच्या मूळ वेतनात आहे. असा खेळाडू साधारणतः मधल्या फळीतला, पाच-सात वर्षे खेळलेला असतो. त्याचे वेतन नवोदिताहून अधिक आणि कीर्ती नायकाहून कमी असते. त्यास वगळले की त्याचे जवळजवळ संपूर्ण वेतन जागा म्हणून हाती येते. त्याच्या ठिकाणी कोष्टकातला नवोदित बसतो. वरच्या खेळाडूचे वेतन बोनस झाले म्हणून त्यास संरक्षण मिळाले. खालच्याचे वेतन वेतनच राहिले म्हणून तो उघडा पडला. भाषेतील चिन्हाचे मूल्य त्याच्या स्वतःच्या द्रव्यात नसून इतर चिन्हांशी असलेल्या संबंधात असते, हे सांगताना फर्दिनां द सोस्यूरने नाण्याचा दृष्टान्त दिला होता. या वहीतील डॉलरांचेही तसेच आहे. दोन डॉलर सारखे दिसतात, पण कोणत्या सदरात लिहिले यावरून एक मालकास बांधतो आणि दुसरा मोकळे सोडतो.

ही व्यवस्था खेळाडूंवर एकतर्फी लादली गेली असे मात्र नाही. १९८७ चा खेळाडूंचा संप फसला होता. त्यानंतर त्यांनी न्यायालयाचा मार्ग धरला. १९९२ मध्ये मिनिॲपोलिस येथील फ्रीमन मॅकनील खटल्यात पंचमंडळाचा निर्णय लीगच्या विरुद्ध गेला, आणि रेजी व्हाइट यांच्या नावे चाललेल्या दाव्यातील तडजोडीतून १९९३ चा करार निघाला. मुदत संपलेल्या खेळाडूस हव्या त्या संघाकडे जाण्याचे स्वातंत्र्य मिळाले. त्याची किंमत म्हणून वेतनमर्यादा आली. मर्यादा लीगच्या उत्पन्नाशी बांधलेली असून २०२० च्या करारानुसार उत्पन्नाचा किमान ४८ टक्के हिस्सा खेळाडूंचा आहे. म्हणजे पुनर्रचनेने सर्व खेळाडूंचा मिळून वाटा दीर्घकाळात घटत नाही. तो खेळाडूखेळाडूंमध्ये आणि वर्षावर्षांमध्ये कसा पसरतो, एवढेच बदलते. आणि ज्याची कारकीर्द चार वर्षांत आटोपते त्यास 'दीर्घकाळ' हा शब्द फारसा उपयोगी नाही.

तुलनेसाठी इंडियन प्रीमियर लीगकडे पाहता येईल. २०२५ च्या मोसमासाठी प्रत्येक संघास १२० कोटी रुपयांची मर्यादा होती, आणि लिलावात लागलेली बोली त्या रकमेतून सरळ वजा होई. बोली चढत असतानाच शिल्लक किती हे प्रेक्षकासही सांगता येते. तेथे रकमेचे दुसरे नाव नाही, म्हणून तिला दुसरे वर्षही नाही.

अमेरिकेतील दुसऱ्या वहीचा स्वभाव सर्वांत स्पष्टपणे प्रकट झाला तो मर्यादा नसलेल्या वर्षी. जुन्या कराराच्या अखेरीस २०१० हे वर्ष मर्यादेवाचून गेले. नेहमीची युक्ती भार पुढे ढकलण्याची. डॅलस काउबॉइज आणि वॉशिंग्टन या संघांनी ती उलटी केली. पुढील वर्षांत पडणारी वेतने त्यांनी त्या मोकळ्या वर्षातच मोजून टाकली. डॅलसने माइल्स ऑस्टिनला त्या एका वर्षी १ कोटी ७० लाखांचे मूळ वेतन दिले. हे करार लीगने त्या वेळी मंजूर केले होते. तथापि मार्च २०१२ मध्ये, त्यामुळे संघांमधील स्पर्धेचा समतोल बिघडला या कारणावरून, वॉशिंग्टनच्या मर्यादेतून ३ कोटी ६० लाख आणि डॅलसच्या मर्यादेतून १ कोटी डॉलर दोन वर्षांत मिळून कापण्यात आले, आणि ती जागा बहुतेक इतर संघांत वाटण्यात आली. दोन्ही संघांनी लवादाकडे दाद मागितली. खेळाडूंच्या संघटनेने कपातीस आधीच संमती दिली होती, आणि मे महिन्यात लवादाने तक्रार फेटाळली. ज्या वर्षास मर्यादाच नव्हती त्या वर्षातील नोंदींबद्दल ही शिक्षा झाली, आणि ती वसूल करण्यात आली २०१२ व २०१३ च्या पानांवर.